जुनी डीझेल पिकअप घ्यावी कीं नाहीं?

शेतमालाची वाहतूक हा आजच्या शेतीखर्चांतील एक मोठा रकाना होऊन बसला आहे. टोमॅटो, भाजीपाला, डाळिंब, फुलें असा नाशवंत माल ज्यांच्या शेतांत निघतो त्यांस ऐन हंगामांत भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाहीं. मिळाली तर भाडें अवाच्या सवा असतें. आणि माल बाजार समितींत उशिरां पोंचला तर त्या दिवसाचा भाव हातचा जातो. अशा वेळीं आपल्या दाराशीं स्वतःची पिकअप असावी असें शेतकऱ्यास वाटणें अगदीं स्वाभाविक आहे. नवी गाडी झेपत नाहीं, म्हणून दृष्टि जुन्या डीझेल गाडीकडे वळते. यासंबंधीं पुष्कळ बंधु आम्हांस विचारतात, म्हणून हा विषय येथें क्रमानें मांडण्याचें योजिलें आहे.

आम्ही यंत्रांतले जाणकार नव्हे. आमची हयात महसूल खात्याचें दप्तर सांभाळण्यांत गेली. परंतु जमिनीचा व्यवहार करणारा शहाणा माणूस ज्या रीतीनें चालतो त्याच रीतीनें गाडीचा व्यवहार केला असतां बहुतेक फसवणूक टळते, असा आमचा विश्वास आहे. जमीन घेणारा प्रथम विचारतो कीं, ही आपणांस कसतां येईल काय. मग सात-बारा व फेरफार पाहतो. मग बांधावर जाऊन माती हातांत घेतो. आणि सर्वांच्या शेवटीं भावाचें बोलतो. गाडीच्या बाबतींत मात्र लोक आधीं रंग पाहतात, मग भाव करितात, विसार देऊन टाकितात, आणि कागद व हिशेब गाडी दारांत आल्यावर पाहतात. हा क्रम उलटा आहे. योग्य क्रम असा: पहिला हिशेब, दुसरा कागद, तिसरें यंत्र, आणि चौथा भाव.

१. हिशेब

एक वही घ्यावी आणि गेल्या वर्षीं आपण भाड्याच्या गाडीच्या किती खेपा केल्या तें महिनावार लिहावें. अंदाजानें लिहूं नये; बाजार समितीच्या पट्ट्या व भाड्याच्या पावत्या काढून मोजावें. ज्या खेपेंत गाडी अर्धीच भरली होती ती वेगळी दाखवावी.

आतां उदाहरणासाठीं आंकडे धरूं. हे आंकडे केवळ रीत समजण्यासाठीं आहेत. प्रत्येकानें आपापले घालावे. जुनी पिकअप ४,५०,००० रुपयांस मिळाली आणि पांच वर्षांनीं ती २,००,००० रुपयांस जाईल असें समजूं. म्हणजे वर्षाचा घसारा ५०,००० रुपये. या मुदतींत सरासरीनें ३,२५,००० रुपये गाडींत अडकून राहतात. त्यांवर शेंकडा १० प्रमाणें व्याज ३२,५०० रुपये. पैसा घरचा असला तरी व्याज धरलेंच पाहिजे, कारण तोच पैसा ठिबक संचास किंवा विहिरीस लागला असता. विमा, कर, तपासणी मिळून ३५,००० रुपये. टायर, बॅटरी व मोठी दुरुस्ती यांसाठीं दरसाल ४०,००० रुपये बाजूस ठेवावे. एकूण १,५७,५०० रुपये. गाडी वर्षभर झाडाखालीं उभी राहिली तरी यांतला बहुतेक खर्च चुकत नाहीं.

बाजार ४० किलोमीटरवर आहे, म्हणजे जाऊन येऊन ८० किलोमीटर. लिटरला १२ किलोमीटर व डीझेल ९० रुपये धरल्यास ६०० रुपयांचें इंधन, चालकाचे ५००, तेलपाणी व किरकोळ झीज १००. एका खेपेचा खर्च १,२०० रुपये. तीच खेप भाड्यानें २,७०० रुपयांस पडत असेल, तर स्वतःच्या गाडीनें खेपेमागें १,५०० रुपये वांचतात. १,५७,५०० रुपयांस १,५०० नें भागिलें म्हणजे १०५ येतात. अर्थात् वर्षांत १०५ खेपा झाल्या तर गाडी बरोबरींत सुटते. ६० खेपा करणाऱ्यास दरसाल ६७,५०० रुपयांची तूट येईल. १४० खेपा करणाऱ्यास ५२,५०० रुपये लाभ होईल.

यांत दोन गोष्टी आणखी जमेस धरतां येतात. ऐन हंगामांत गाडी न मिळाल्यामुळें ज्या दिवशीं माल पडून राहिला त्या दिवसांचें नुकसान प्रामाणिकपणें लिहावें. दुसरें, शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांचा माल आपल्या गाडींतून नेल्यास खेपा वाढतात. परंतु भाडें घेऊन दुसऱ्याचा माल न्यावयाचा असेल तर विमापत्र त्याच प्रकारचें पाहिजे. मालगाडीच्या विम्यांत खासगी वाहक व सार्वजनिक वाहक असे दोन वर्ग आहेत. केवळ स्वतःचा माल नेण्यासाठीं उतरविलेला विमा भाड्याच्या मालाच्या वेळीं कामास येईलच असें समजूं नये.

वजनाचा हिशेबहि येथेंच करावा. नोंदणी प्रमाणपत्रावर रिकाम्या गाडीचें वजन व मालासह एकूण वजनाची मर्यादा असे दोन आंकडे असतात. समजा, मर्यादा २,९५० किलो व रिकामें वजन १,६५० किलो आहे. बाकी १,३०० किलो; त्यांतून चालक व एक माणूस यांचे १५० किलो वजा केले म्हणजे मालास १,१५० किलो राहतात. टोमॅटोचा भरलेला क्रेट २२ किलोंचा धरल्यास ५२ क्रेट झाले. ज्यानें खेपेला ८५ क्रेट धरून आपला हिशेब जुळविला त्याचा हिशेब मुळांतच खोटा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २०,००० रुपये व वरील प्रत्येक टनास २,००० रुपये असा आहे. ब्रेक व पाट्यांची हानि निराळीच.

२. कागद

हिशेब जमेचा निघाला तरच पुढें जावें. गाडीचें नोंदणी प्रमाणपत्र, ज्यास लोक आर. सी. बुक म्हणतात, हा गाडीचा सात-बारा होय. त्यावरील मालकाचें नांव आणि विकणाऱ्याचें नांव एकच आहे काय, हें पहिल्यानें पाहावें. नसेल तर मधला व्यवहार नोंदला गेलेला नाहीं. फेरफार न झालेली जमीन मधल्या माणसाकडून घेण्यासारखेंच तें आहे.

सात-बाऱ्याच्या इतर हक्कांत जसा सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसतो, तसा प्रमाणपत्रावर कर्ज देणाऱ्या संस्थेचा बोजा नोंदलेला असतो. कर्ज फिटलें असें विकणारा तोंडानें म्हणाला तर तें पुरेसें नाहीं. संस्थेचा ना-हरकत दाखला व तिच्या सही-शिक्क्याचा नमुना ३५ हातीं असल्याशिवाय बोजा उतरत नाहीं. कांहीं रक्कम बाकी असेल तर ती विकणाऱ्याच्या हातांत न देतां थेट त्याच्या कर्जखात्यांत भरावी.

चासी क्रमांक व इंजिन क्रमांक कागदावर वाचून प्रत्यक्ष गाडीवर ताडून पाहावे. चासीवरील आंकड्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनें घासल्यास ठसा उमटतो. आंकडा खोडून पुन्हां ठोकला असेल तर तेथील पत्रा खरवडलेला दिसतो. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर व ‘एम-परिवहन’ ॲपवर नोंदणी, विमा, योग्यता यांच्या मुदती व थकलेले दंड पाहतां येतात. हें काम घरांतील शाळकरी मुलगाहि पांच मिनिटांत करून देईल. तेवढ्यासाठीं दलालाची गरज नाहीं.

मालगाडीस योग्यता प्रमाणपत्र लागतें. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीस तें दोन दोन वर्षांनीं, आणि पुढें दरवर्षीं नवें करून घ्यावें लागतें. हें प्रमाणपत्र नसेल तर कायद्याच्या दृष्टीनें गाडीची नोंदणीच वैध समजली जात नाहीं. आठ वर्षांवरील मालगाडीस महाराष्ट्रांत पर्यावरण कर आहे, आणि पंधरा वर्षांवरील गाडीच्या तपासणीचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढविण्यांत आलें. म्हणून चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी तिच्या पुढील वर्षांचा खर्च आजच मांडावा.

परप्रांतांतील गाडीविषयीं विशेष सावध असावें. २०१५ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें दिल्ली परिसरांत दहा वर्षांहून जुन्या डीझेल गाड्यांस मनाई केली, तेव्हांपासून तिकडील पुष्कळ गाड्या इतर राज्यांच्या बाजारांत आल्या. अशी गाडी घेणें गुन्हा नव्हे; परंतु मूळ कार्यालयाचा नमुना २८ वरील ना-हरकत दाखला, येथील कर व नवी नोंदणी यांचा खर्च व खटाटोप किंमतींत मिळवून पाहावा.

मालक वारला असेल तर वारसानें आधीं नमुना ३१ देऊन गाडी आपल्या नांवें करून घ्यावी, मगच विकावी. हप्ते थकल्यामुळें संस्थेनें ओढून आणलेली गाडी असेल तर संस्थेनें नमुना ३६ प्रमाणें आपल्या नांवाचें प्रमाणपत्र घेतलें आहे काय हें विचारावें. लिलावांतील गाडीस नमुना ३२ लागतो.

कागदांच्या संदर्भांत दोन दिलासे देण्याजोगे आहेत. एकूण वजन ३,००० किलोंपेक्षां अधिक नसलेल्या मालगाडीस वाहतुकीचा वेगळा परवाना लागत नाहीं. आणि हलक्या मोटारीचा चालन-परवाना असलेल्यास ७,५०० किलोंपर्यंतच्या एकूण वजनाची मालगाडी चालवितां येते, असें सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींच्या पीठानें नोव्हेंबर २०२४ मध्यें ठरविलें आहे.

३. नांवावर करणें कां अगत्याचें

गाडी घेतल्यावर ‘नांवावर मग करूं’ असें म्हणण्याची चाल फार आहे. विकणाऱ्याकडून नमुना २९ व ३० यांवर कोऱ्या सह्या घेऊन ते पेटींत ठेवून देतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणें विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत हस्तांतर कळविलें पाहिजे. विमाहि १४ दिवसांत आपल्या नांवें करण्यासाठीं कंपनीस अर्ज करावा लागतो. तो न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. विकणारा मध्यंतरीं वारला तर त्याच्या सर्व वारसांच्या सह्या गोळा करीत फिरावें लागतें, आणि तें काम किती कठीण तें जमिनीच्या वांटण्या पाहिलेल्या वाचकांस सांगावयास नको.

याहून मोठी गोष्ट पुढेंच आहे. अपघातांत माणूस दगावला तर दावा न्यायाधिकरणांत जातो. तेथील निवाड्याची रक्कम भरली न गेल्यास न्यायाधिकरण कलम १७४ प्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास दाखला पाठवितें, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होते. असे वसुलीचे दाखले नोकरींत आमच्या मेजावर येत असत. महसुली थकबाकीप्रमाणें वसुली याचा अर्थ प्रथम नोटीस, मग जंगम मालाची जप्ती, आणि तेवढ्यानें न भागल्यास स्थावराची जप्ती व लिलाव. गाडीच्या अपघाताचा आंकडा अशा रीतीनें सात-बाऱ्याच्या पानावर येऊन बसतो. ज्याचें नांव कागदावर तोच जबाबदार, असें २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें आहे. तेव्हां आपली जुनी गाडी कोऱ्या सह्यांवर दुसऱ्यास देणाऱ्या शेतकऱ्यानेंहि हें ध्यानांत धरावें. गाडी गेली, परंतु नांव राहिलें, तर जमीन धोक्यांत राहिली.

या संबंधांत शेतमजुरांविषयीं दोन शब्द लिहिणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. सकाळीं वीस-पंचवीस बाया-माणसें पिकअपच्या हौद्यांत उभीं करून शेतावर नेण्याची रीत सर्वत्र दिसते. मालगाडींतून असे नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी कायद्यानें बांधलेली नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलेलें आहे. कांहीं प्रकरणीं कंपनीनें आधीं भरून मग मालकाकडून वसूल करावें असा हुकूम होतो. परंतु अखेरचा भार मालकावरच येतो. पैशाची गोष्ट क्षणभर सोडली तरी, जीं माणसें आपल्या शेतांत घाम गाळतात त्यांस कठडा धरून लोंबकळत न्यावें हें उचित नव्हे. मजूर नेण्यासाठीं म्हणून पिकअप घेण्याचा बेत असेल तर तो बेतच सोडावा.

४. यंत्र

कागद निर्वेध निघाल्यावर एक भरवशाचा मिस्त्री बरोबर घेऊन गाडी पाहण्यास जावें. मिस्त्री आपला असावा. विकणाऱ्यानें सुचविलेला नसावा. त्याची दिवसाची मजुरी आनंदानें द्यावी.

गाडी पहाटे पाहावी, आणि आपण येण्यापूर्वीं ती सुरू करूं नये असें आधींच सांगून ठेवावें. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करावी. तापलेलें इंजिन आपले दोष झांकतें. थंड इंजिन सुरू होण्यास किती वेळ लागतो व धूर कसा निघतो तें पाहावें. सुरुवातीस थंड हवेंत थोडी पांढरी वाफ निघून थांबली तर चिंता नाहीं. पांढरा धूर थांबतच नसेल तर डीझेल पुरें जळत नाहीं किंवा पाणी आंत शिरतें आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतें. जोर दिल्यावर दाट काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डीझेल अधिक; नोझल, पंप, हवेची गाळणी वा टर्बो यांपैकीं कोठें तरी दोष आहे.

इंजिन चालू असतां ऑइल भरण्याचें झांकण उघडावें. तेथून भकाभक वाफा येत असतील तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. झांकणाच्या आंतल्या बाजूस किंवा ऑइलच्या काठीवर दुधासारखा फेस दिसला, अथवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. रेडिएटरचें झांकण मात्र इंजिन थंड असतांनाच उघडावें.

मग गाडीखालीं जावें. मागील पाट्यांत मूळच्याहून अधिक पाटे घातले असतील तर गाडीनें जन्मभर जादा भार ओढला आहे. पाट्यांच्या टेकूंजवळ चासीस तडा किंवा वेल्डिंगची शिवण दिसली तर ती गाडी तेथेंच सोडावी. टायर एका बाजूनें झिजले असतील तर धुरा वा चाकांची जुळणी बिघडलेली असते. चढावर तिसऱ्या गिअरमध्यें जोर दिला असतां इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढें सरत नाहीं, तर क्लच संपलेला आहे.

किलोमीटरच्या आंकड्यावर विसंबूं नये, तो मागें फिरवितां येतो. क्लच-ब्रेकच्या पायदानांचें रबर, चालकाची बैठक व स्टिअरिंगची पकड हीं खरी साक्ष देतात. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगली-कोल्हापुरास व जुलै २०२१ मध्यें चिपळूण-महाडास आलेले पूर वाचकांस आठवत असतील. अशा पुरांत बुडालेल्या गाड्या धुवून-पुसून विक्रीस येतात. बैठकीचे बोल्ट गंजलेले, पायाखालच्या चटईखालीं व दिव्यांच्या आंत सुका गाळ, वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशी, अशीं चिन्हें दिसलीं तर किंमत कितीहि कमी असली तरी परत फिरावें.

शेतकऱ्याच्या वापरास महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हा प्रदूषणाचा दंडक लागू झाला. त्यानंतरच्या डीझेल गाड्यांच्या धुराच्या नळींत काजळी धरणारी गाळणी असते. ती गाळणी तापून साफ होण्यास गाडी कांहीं काळ सलग व वेगानें चालावी लागते. जी गाडी दिवसभर शेत ते गोठा अशी दोन-चार किलोमीटरच फिरते तिची गाळणी तुंबते, आणि दुरुस्ती महाग पडते. कांहीं गाड्यांत युरियाचें द्रावण घालण्याची वेगळी टांकी असते. तिच्यांत त्याच कामासाठीं बनविलेलें शुद्ध द्रावणच घालावें, खताचा युरिया पाण्यांत विरघळवून कदापि घालूं नये. ज्यांचें काम मुख्यतः बांधाबांधांतलें आहे त्यांस ट्रॅक्टर-ट्रॉली बरी. पिकअप ही रस्त्याची गाडी आहे.

५. भाव व व्यवहार

मिस्त्रीनें सांगितलेल्या प्रत्येक दुरुस्तीचा अंदाज कागदावर मांडून तो किंमतींतून वजा मागावा. दोन-तीन गाड्या पाहिल्याशिवाय विसार देऊं नये. आणि दिल्यास ‘कागदांत दोष निघाल्यास परत’ अशी पावती घ्यावी. दोन लक्ष रुपये किंवा अधिक रक्कम रोखीनें स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. म्हणून रक्कम बँकेमार्फत द्यावी. शेवटचा कांहीं भाग नांवावर झाल्यावर देण्याचा करार करावा. ताबा घेतल्याची तारीख व वेळ पावतींत लिहावी, म्हणजे आदल्या दिवसाच्या दंडाचा वा अपघाताचा वाद राहत नाहीं.

पीककर्जाची रक्कम गाडींत घालूं नये. तें कर्ज एका हंगामाचें. गाडी पांच वर्षांची. हंगाम संपतांच कर्ज फेडावयाचें असतें, आणि त्या वेळीं गाडी विकून पैसा उभा राहत नाहीं. मग बियाणें व खत उसनें आणावें लागतें. गाडीसाठीं कर्ज काढणें असेल तर गाडीच्याच तारणावर व गाडीच्याच मुदतीचें काढावें, जमीन तारण ठेवूं नये.

एवढें सर्व करून ज्यांच्या वहींत खेपा पुरेशा निघतात, ज्या गाडीचे कागद निर्वेध आहेत व जिची चासी शाबूत आहे, त्यांनीं ती अवश्य घ्यावी. तिनें त्यांचा माल वेळेवर बाजारीं पोंचेल. ज्यांच्या खेपा कमी पडतात त्यांनीं मन खट्टू करूं नये. तीन-चार शेजाऱ्यांनीं मिळून एका गाडीवाल्याशीं हंगामापुरता लेखी भाडेकरार केला तरी गाडी वेळेवर येते, आणि भांडवल शेतांतच राहतें. आमच्या सूचनेप्रमाणें वही प्रथम मांडावी, एवढीच वाचकांस विनंति आहे.